अपूर्णांकाचे दशांश आणि टक्के कसे करायचे: पाच आण्यांपासून हॉलमार्कपर्यंत

जून महिन्यातलं वादळ केळीवाल्यांना नवीन नाही. आमच्याकडं चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात एका संध्याकाळी अर्धा तास वारं सुटलं की उभी बाग आडवी होते. तसंच एकदा झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, म्हणे पंचनाम्याला येणार आहेत, मला अंदाजे पाच आणे नुकसान वाटतंय, तर पाच आणे म्हणजे किती टक्के ते सांग बरं पटकन. कारण मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर लागतं, २०१५ च्या आधी तर ही अट ५० टक्के होती.

रुपयाचे आणे सोळा, म्हणजे पाच आणे म्हणजे ५/१६. पाचाला सोळानं भागलं तर ०.३१२५, म्हणजे ३१.२५ टक्के. अटीच्या खाली. साडेपाच आणे असते तर ३४.३७५, म्हणजे अटीच्या वर. अर्ध्या आण्यात सगळा फरक पडत होता म्हणून मी म्हटलं काका अंदाज राहू द्या, खोडं मोजा. मोजली तर १६०० पैकी ५६० पडलेली निघाली, म्हणजे ३५ टक्के.

त्या दिवसापासून मनात होतं की हे गणित एकदा सविस्तर लिहून काढायचं. शाळेत पाचवी-सहावीत हे सगळ्यांना शिकवतात, पण शेतात, सराफाकडं, मार्कशीटवर तेच गणित समोर आलं की चांगले शिकलेले लोक पण अडकतात. मुलांना शिकवणाऱ्या आईवडलांना पण उपयोग होईल म्हणून अगदी पायरी-पायरीनं लिहितोय, वही-पेन घेऊन बसा.

आधी ती आडवी रेघ समजून घ्या

३/८ मधे वरचा ३ म्हणजे अंश, खालचा ८ म्हणजे छेद, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मधली रेघ म्हणजे भागाकाराचं चिन्ह आहे हे कित्येक मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. ३/८ म्हणजे ३ भागिले ८, बस. आठ जणांत तीन भाकरी वाटल्या तर एकेकाला किती येईल, ते ३/८. छेद सांगतो अख्ख्याचे किती समान भाग केले, अंश सांगतो त्यातले किती घेतले.

दशांश म्हणजे तीच गोष्ट पण छेद कायम १०, १००, १००० असा ठेवायचा. टक्के म्हणजे तीच गोष्ट पण छेद कायम १०० ठेवायचा. म्हणजे ३/४, ०.७५ आणि ७५ टक्के या तीन वेगळ्या संख्या नाहीतच, एकाच माणसाला घरात वेगळं नाव, शाळेत वेगळं नाव असतं तसं आहे.

आणि खरं सांगू का, मराठी माणसाला अपूर्णांक परका नाहीच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपण दिवसभर वापरतो. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घ्यायचे, आजही एखादे म्हातारे बाबा बाजारात साडेतीन पायल्यांचा हिशेब तोंडी करतात तो त्याच जोरावर. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, तेव्हा सगळ्या देशानं एका दिवसात सोळाचा छेद सोडून शंभरचा छेद धरला. चार आण्यांचे २५ पैसे बरोबर झाले, आठ आण्यांचे ५० झाले, पण एका आण्याचे येतात ६.२५ पैसे, ते ६ धरावे लागले आणि तीन आण्यांचे १८.७५ येतात ते १९ धरले. शेतीतली आणेवारी, म्हणजे पूर्ण पीक एक रुपया धरून यंदा किती आलं त्याचा सरकारी अंदाज, ती पण तशीच पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांच्या खाली म्हणजे जुन्या भाषेत आठ आण्यांच्या खाली, निम्मं पीकसुद्धा नाही असा त्याचा अर्थ.

पहिली पद्धत: छेद १०, १०० किंवा १००० होतो का बघा

भागाकार करायच्या आधी एकदा छेदाकडं बघायचं. २, ४, ५, ८, २०, २५, ४०, ५०, १२५ असा छेद असेल तर काम सोपं आहे.

काकांचंच उदाहरण घ्या, ५६०/१६००. आधी वरचं एक शून्य आणि खालचं एक शून्य काढा, राहिलं ५६/१६०. दोघांना आठनं भाग जातो, झालं ७/२०. आता विसाचे शंभर करायचे तर पाचनं गुणायचं, आणि खाली जे केलं ते वर पण करायचं, म्हणजे ३५/१००. शंभरात पस्तीस, म्हणजे ०.३५, म्हणजे ३५ टक्के. कॅल्क्युलेटर काढायच्या आत उत्तर येतं.

लहान करायची पायरी सोडू नका. मुलं ५६०/१६०० बघून घाबरतात, ७/२० बघून घाबरत नाहीत.

असंच ४३७/५००. खाली दुप्पट केलं की १०००, म्हणून वर पण दुप्पट, ८७४/१०००, म्हणजे ०.८७४, म्हणजे ८७.४ टक्के. १००० छेद असेल तर पॉइंटच्या पुढं तीन अंक हवेत, १०० असेल तर दोन, १० असेल तर एक. जितकी शून्यं तितके अंक. अंक कमी पडले तर अंकाच्या डावीकडं, पॉइंटला लागून शून्य लावायचं, ७/१०० म्हणजे ०.०७, ते ०.७ नाही. ०.७ म्हणजे सत्तर टक्के आणि ०.०७ म्हणजे सात टक्के, एवढा फरक आहे.

दुसरी पद्धत: सरळ भागाकार

ही पद्धत कधीच फेल जात नाही. ३/८ करून बघू.

अंश आत, छेद बाहेर. म्हणजे ३ ला ८ नं भागायचं. मुलं इथं हमखास उलटं करतात, कारण मोठ्या संख्येला छोटीनं भागायचं असं डोक्यात बसलेलं असतं. तर आत कायम वरचा अंक.

तीनात आठ जात नाही, म्हणून वर ० लिहा आणि लगेच पॉइंट द्या. आता ३ ला एक शून्य जोडा, झाले ३०. आठ त्रिक चोवीस, वर ३, बाकी ६. शून्य जोडा, ६०. आठ सत्ते छप्पन, वर ७, बाकी ४. शून्य जोडा, ४०. आठ पंचे चाळीस, वर ५, बाकी शून्य, संपलं. उत्तर ०.३७५.

पॉइंट एकदाच द्यायचा, नंतर प्रत्येक पायरीला फक्त बाकीला एक शून्य जोडायचं आणि वर एक अंक लिहायचा. एक शून्य, एक अंक. हा नियम एवढ्यासाठी सांगतोय की सगळ्यात जास्त चुका पुढच्या प्रकारात होतात.

१/१६ बघा. एकात सोळा जात नाही, ० आणि पॉइंट. शून्य जोडलं, १०. दहात पण सोळा जात नाही. इथं वर ० लिहायचंच आहे! मग पुन्हा शून्य जोडा, १००. सोळा सक शहाण्णव, वर ६, बाकी ४. मग ४०, सोळा दुणे बत्तीस, वर २, बाकी ८. मग ८०, सोळा पंचे ऐंशी, वर ५. उत्तर ०.०६२५. मधलं शून्य विसरलं तर ०.६२५ येतं आणि ते तर ५/८ आहे, म्हणजे एक आणा होता तो दहा आणे झाला. तपासायची युक्ती सोपी आहे, उत्तर आल्यावर स्वतःला विचारा की सोळा भागातला एक भाग अर्ध्यापेक्षा मोठा असेल का? नाही ना, मग ०.६ कसं येईल.

सव्वादोन, साडेतीन अशा मिश्र संख्यांना तर काहीच कष्ट नाहीत, पूर्णांक तसाच ठेवायचा आणि फक्त अपूर्णांकाचा दशांश करायचा. ३ पूर्णांक ३/८ म्हणजे ३.३७५.

भागाकार संपतच नाही तेव्हा

१/३ करा. १० मधे तीन त्रिक नऊ, बाकी १. परत १०, परत ३, परत बाकी १. हे दिवसभर चालेल. ०.३३३३... याला अखंड आवर्ती दशांश म्हणतात, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकावर आडवी रेघ काढून दाखवतात. ३/८ सारखा जो संपतो तो खंडित.

संपणार की नाही हे आधीच कळतं. अपूर्णांक लहान करून घ्या, मग छेदाचे मूळ अवयव पाडा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर संपेल, ३, ७, ११ असं काही आलं तर संपणार नाही. कारण १० म्हणजेच २ गुणिले ५, त्याच्या कितीही घातात तीन कधी सापडत नाही, मग तिनाचा छेद १०, १०० किंवा १००० होणार कसा. लहान करून घ्या हे मुद्दाम म्हणतोय, कारण ६/१५ बघून वाटतं तीन आहे, संपणार नाही, पण ते खरं तर २/५ आहे, ०.४.

सातचा खेळ मला फार आवडतो. १/७ करताना १० ला बाकी ३, ३० ला बाकी २, २० ला बाकी ६, ६० ला बाकी ४, ४० ला बाकी ५, ५० ला बाकी १, आणि एक आला म्हणजे आपण सुरुवातीला परत आलो. सातनं भागताना बाकी १ ते ६ यापैकीच काहीतरी असणार, म्हणून जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत गाडी परत फिरणारच. उत्तर ०.१४२८५७ आणि मग तेच सहा अंक पुन्हा. आता २/७ करा, ०.२८५७१४, तेच अंक त्याच क्रमानं, फक्त सुरुवात दुसरीकडून. मुलांना हे करायला द्या, गणित नको म्हणणारं पोरगं पण ३/७ आणि ४/७ स्वतःहून करून बघतं.

व्यवहारात मात्र कुठंतरी थांबावं लागतं. दोन अंकांपर्यंत हवं असेल तर तिसरा अंक बघा, तो ५ किंवा जास्त असेल तर दुसरा एकानं वाढवा, नाहीतर तसाच ठेवा. २/३ टक्क्यात ६६.६६६... म्हणजे ६६.६७. आणि हे शेवटी एकदाच करायचं, मधेच अंक तोडून पुढं गुणाकार केला की चूक वाढत जाते.

सोन्यावरचा आकडा वाचून बघा

जळगावचं सोनं सगळीकडं नावाजलेलं आहे, लग्नाची खरेदी करायला लांबून लोक येतात, पण दागिन्यावर बारीक कोरलेला आकडा म्हणजे दशांश अपूर्णांक आहे हे किती जण बघतात?

शुद्ध सोनं २४ कॅरेट धरतात. म्हणजे २२ कॅरेट म्हणजे २२/२४, लहान केलं तर ११/१२. भागा. ११० मधे बारा नव्वे एकशे आठ, वर ९, बाकी २. २० मधे एकदा, वर १, बाकी ८. ८० मधे बारा सक बहात्तर, वर ६, बाकी ८. आता ८ परत आला म्हणून ६ येतच राहणार. ०.९१६६६... तोच हॉलमार्कवरचा ९१६, पुढचे अंक तिथं सोडून दिलेत! हजारात ९१६ भाग सोनं. म्हणजे १० ग्रॅमच्या पोतीत ९.१६ ग्रॅम सोनं आणि बाकीचं तांबं-चांदी वगैरे. टक्क्यात ९१.६, सोनार लोक तोंडी ९१६ च म्हणतात.

१८ कॅरेट म्हणजे ३/४, म्हणून ७५०. २० कॅरेट म्हणजे ५/६, म्हणून ८३३. ९ कॅरेटचे हलके दागिने पण आता हॉलमार्कमधे आलेत, ९/२४ म्हणजे ३/८, आणि ३/८ आपण वर काढलंय, ३७५. फक्त १४ कॅरेटला गणितानं ५८३ येतं पण शिक्का ५८५ चा असतो, तिथं मानकच थोडं वर ठरवलेलं आहे. २४ कॅरेटचा शिक्का ९९५ किंवा ९९९ चा, कारण हजारात पुरे हजार भाग शुद्ध असं मानक ठेवलेलं नाही.

दशांशाचे टक्के

शंभरनं गुणा, म्हणजे पॉइंट दोन घरं उजवीकडं सरकवा. ०.३७५ चे ३७.५ टक्के. ०.०६२५ चे ६.२५ टक्के. १.२५ चे १२५ टक्के, शंभराच्या वर गेलं म्हणून चुकलं असं नसतं, सव्वापट झालं म्हणजे १२५ टक्केच. उलटं करायचं तर पॉइंट दोन घरं डावीकडं. ३ टक्के म्हणजे ०.०३. सोन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो, कॅल्क्युलेटरवर ०.३ नं गुणलं की तीस टक्के होतात आणि माणूस दुकानातच घाबरतो. अर्धा टक्का म्हणजे ०.००५, हे तर मोठ्या माणसांचं पण चुकतं, ते ०.५ धरतात.

डायरेक्ट अपूर्णांकावरून टक्के हवे असतील तर अंश गुणिले १०० भागिले छेद. हे साधं त्रैराशिक आहे, सोळात पाच तर शंभरात किती. त्रैराशिक म्हटलं की मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं, पाटणादेवीचं. तिथल्या शिलालेखात, १२०७ च्या सुमारास, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला अशी नोंद आहे. आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायची जागा होती, ही गोष्ट पोरांना सांगायलाच पाहिजे. ट्रीपला नुसता धबधबा बघून येऊ नका.

काही जोड्या तोंडपाठ हव्यातच. पाव २५, अर्धा ५०, पाऊण ७५ हे येतंच. पावाचं अर्धं अदपाव म्हणजे १/८, १२.५ टक्के. त्याचं अर्धं, जुनी छटाक, १/१६, ६.२५ टक्के. १/५ म्हणजे २०, १/६ म्हणजे १६.६७, १/३ म्हणजे ३३.३३. एवढ्यावर बाकीचे जोडून काढता येतात, ५/८ म्हणजे अर्धा अधिक अदपाव, ५० अधिक १२.५, झाले ६२.५.

जिथं पॉइंट दिसतो पण दशांश नसतो

हा भाग नीट वाचा, यात पैशाचं नुकसान होतं. गावात २ एकर ३० गुंठे जमीन २.३० अशी लिहितात. तो पॉइंट दशांशाचा नाही! एकराचे गुंठे ४०, म्हणजे ३० गुंठे म्हणजे ३०/४० म्हणजे ०.७५, तर जमीन झाली २.७५ एकर. कोणी २.३० ला सरळ एकरी भावानं गुणलं तर ०.४५ एकर, म्हणजे १८ गुंठ्यांचे पैसे गायब. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि हेक्टरचे आर १०० असतात, म्हणून तिथला १.२० खरोखर दशांश आहे, तो बिनधास्त गुणा. तीन भावांत १.२० हेक्टर वाटलं तर एकेकाला ०.४० हेक्टर.

तसंच क्रिकेटमधे ४.३ ओव्हर म्हणजे साडेचार ओव्हर, कारण ३/६ म्हणजे ०.५. अडीच तास आपण २.३० लिहितो, पण मजुरी तासानं काढायची तर २.५ नं गुणा. पॉइंट दिसला की आधी विचारा, एकात किती असतात? दहा किंवा शंभर नसेल तर आधी अपूर्णांक मांडा.

कशाचा टक्का?

छेद म्हणजे अख्खं काय, हे चुकलं की पुढचा भागाकार कितीही बरोबर करा, उपयोग नाही. आमच्याकडं कळण्याचं पीठ दळतात तेव्हा ज्वारी तीन भाग आणि उडीद एक भाग टाकतात. आता उडीद किती? बरेच जण म्हणतात १/३. नाही, १/३ हे ज्वारीच्या मानानं झालं. पिठात एकूण भाग चार, म्हणून उडीद १/४, २५ टक्के. गुणोत्तर दिलं असेल तर आधी सगळे भाग मिळवून छेद तयार करायचा.

कापसाचा भाव समजा ८००० वरून ६४०० वर आला. १६०० नी पडला, १६००/८००० म्हणजे १/५, २० टक्के. आता परत ८००० व्हायला किती टक्के वाढावा लागेल? २० नाही, २५. कारण आता अख्खं म्हणजे ६४००, आणि १६००/६४०० म्हणजे १/४. पडताना लागतात त्यापेक्षा चढताना टक्के जास्त लागतात.

आणि मार्कांचं. अंतर्गत २० पैकी १८, लेखी ८० पैकी ६०. म्हणजे ९० टक्के आणि ७५ टक्के. पोरगं सरासरी काढून ८२.५ सांगतं. पण एकूण १०० पैकी ७८ आहेत, ७८ टक्केच. छेद वेगळे असतील तर टक्क्यांची सरासरी काढायची नाही, अंश अंशात आणि छेद छेदात मिळवून मग भागायचं. मार्क मिळवताना हे चालतं कारण एकच पेपर दोन तुकड्यांत आहे, एरवी अपूर्णांकांची बेरीज अशी करायची नसते हे पण पोरांना लगेच सांगा.

टक्क्यावरून परत मागं

टक्के खाली १०० लिहून लहान करा, ४५ टक्के म्हणजे ४५/१००, म्हणजे ९/२०. पॉइंट असेल तर आधी तो घालवा, १२.५/१०० म्हणजे १२५/१०००, म्हणजे १/८. आवर्ती असेल तर वेगळी युक्ती आहे, ०.२७२७... मधे दोन अंक फिरतात म्हणून त्याला शंभरनं गुणा, २७.२७२७..., त्यातून मूळ संख्या वजा करा, शेपूट उडून जातं आणि ९९ पट म्हणजे २७ एवढंच उरतं. म्हणून २७/९९, म्हणजे ३/११.

खताच्या गोणीवर हाच हिशेब आहे. १०:२६:२६ म्हणजे नत्र १० टक्के, स्फुरद २६, पालाश २६. गोणी ५० किलोची, तर नत्र ०.१० गुणिले ५० म्हणजे ५ किलो आणि बाकीचे दोन्ही १३-१३ किलो. युरियात ४६ टक्के नत्र आणि गोणी ४५ किलोची, ०.४६ गुणिले ४५, २०.७ किलो. शिफारस नेहमी नत्र इतके किलो अशी असते, गोण्या इतक्या अशी नसते, म्हणून केळीला किंवा कापसाला डोस टाकायच्या आधी हे एकदा करून बघा.

आता सरावाला ही पाच घ्या, कॅल्क्युलेटर बंद ठेवून. ७/८ चे टक्के, ९ आण्यांचे टक्के, ३ एकर १० गुंठे दशांशात, ४८/६४ चा दशांश, आणि २३ कॅरेटवर हजारात किती आकडा असेल. उत्तरं ८७.५ टक्के, ५६.२५ टक्के, ३.२५ एकर, ०.७५, आणि ९५८. तिसऱ्याचं ३.१० आलं असेल तर गुंठ्यांचा भाग परत वाचा, आणि चौथ्याला भागाकार मांडून बसला असाल तर आधी सोळानं लहान करून बघा.